उजव्या इंडिकेटरच्या वायरिंगमधील दोष न शोधताच आकारलेल्या बिलांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: अधिकृत वर्कशॉपमध्ये झालेल्या कामानंतर उजवा इंडिकेटर व पार्किंग लाइट यांत निर्माण झालेला दोष, त्यावर दोनदा केलेली निरुपयोगी दुरुस्ती आणि बीसीएम (दिव्यांचे नियंत्रण करणारा मॉड्यूल) बदलण्याचा चुकीचा सल्ला

महोदय,

आपल्या कंपनीच्या कोल्हापुरातील अधिकृत वर्कशॉपमध्ये माझ्या २०१७ सालच्या पेट्रोल गाडीचे पुढचे बंपर आणि उजव्या हेडलाइटमागील पत्रा यांचे डेंटिंग-पेंटिंग मे महिन्यात विम्यातून करण्यात आले. रंगकाम चांगले झाले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्याच दिवशी रत्नागिरीला परतताना आंबा घाटात उजवा इंडिकेटर दिला, तेव्हा डॅशबोर्डवरची टिकटिक नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने होऊ लागली.

घरी आल्यावर मी गाडी भिंतीसमोर उभी करून पाहिले. सर्व दिवे बंद ठेवून उजवा इंडिकेटर दिला असता मागचा आणि आरशाजवळचा दिवा नीट लुकलुकत होता. पुढचा पिवळा दिवा मात्र जवळजवळ विझलेलाच राही आणि त्याऐवजी त्याच हेडलाइटमधला पांढरा पार्किंग लाइट लुकलुके. पार्किंग लाइट आधीच लावून इंडिकेटर दिला तर उलट घडे, म्हणजे पिवळा दिवा ज्या क्षणी लागायला हवा, त्या क्षणी पांढरा विझे. मोबाइलवर वेळ लावून मी मोजले, तेव्हा एका मिनिटात १६४ लुकलुकी भरल्या. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा असा दंडक आहे, हे आपणांस सांगण्याची गरज नसावी.

ही लक्षणे मी वर्कशॉपच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरना तोंडी सांगितली आणि जॉबकार्डवरही लिहून घेण्याचा आग्रह धरला. त्यांनी लिहिले एवढेच: ‘उजवा इंडिकेटर फास्ट’. पहिल्या खेपेस बल्ब बदलला, दुसऱ्या खेपेस होल्डर बदलून ‘वायरिंग चेकिंग’ या नावाखाली मजुरी लावली. दोन्ही बिले मिळून २,९९० रुपये मी भरले. दोष जसाच्या तसा होता. तिसऱ्या खेपेस मला सांगण्यात आले की संपूर्ण बीसीएम खराब झाला असून तो बदलण्यास १८,५०० रुपये लागतील. कोणत्या तपासणीवरून हा निष्कर्ष काढला, असे मी विचारले. त्याला उत्तर मिळाले नाही. गाडीला मल्टीमीटर लावलेला मला तिन्ही खेपांत एकदाही दिसला नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. एक दिवा दुसऱ्याच्या वाटेने पेटतो आहे म्हणजे विजेला परतीची स्वतःची वाट मिळत नाही, हे त्या लक्षणांवरूनच उघड होते. म्हणून रत्नागिरीतील एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यांनी इंडिकेटरच्या कपलरमधील काळ्या वायरवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या अर्थिंगच्या वायरवर, मीटरचे एक टोक आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर दुसरे टोक ठेवले. इंडिकेटर चालू असताना तिथे फार तर ०.१ किंवा ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. मीटरने ११ व्होल्टहून अधिक दाखवले. मग त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्हपासून त्याच पिनेपर्यंत एक साधी वायर जोडली आणि दिवा तत्क्षणी पूर्ण तेजाने, योग्य वेगाने लुकलुकू लागला. पिवळा व पांढरा हे दोन्ही दिवे त्या एकाच अर्थिंगवर आहेत. ते तुटल्यामुळे पिवळ्या दिव्याचा प्रवाह पांढऱ्याच्या फिलामेंटमधून मागच्या दिव्यांकडे जात होता, आणि पुढच्या बल्बने पुरेसा प्रवाह न घेतल्याने नियंत्रकाला बल्ब गेल्यासारखे वाटून तो वेग वाढवत होता. थोडक्यात, बीसीएम आपले काम चोख करत होता.

हेडलाइट बाहेर काढल्यावर कारण डोळ्यांसमोरच होते. अर्थिंगची रिंग पत्र्यावर ज्या बोल्टने आवळली जाते, त्या जागी रंगकाम करताना झाकण लावलेले नव्हते; नव्या रंगाचा जाड, चकचकीत थर तसाच ठेवून त्यावर रिंग बसवली होती आणि बोल्ट हाताने फिरेल इतका सैल होता. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून उघडी केली, रिंग घट्ट आवळली, वरून ग्रीस लावले. काम वीस मिनिटांचे, मजुरी १५० रुपये. नंतरचे रीडिंग ०.०४ व्होल्ट. दोन्ही वेळच्या मीटरची आणि त्या बोल्टची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

मला राग पैशांपेक्षा वेगळ्या गोष्टीचा आहे. जूनमध्ये आंबा घाटात भर दुपारी धुके असते, आणि माझ्या वडिलांना तपासणीसाठी दर महिन्याला याच रस्त्याने कोल्हापूरला न्यावे लागते. अशा वळणावर समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला माझी गाडी उजवीकडे वळते आहे हे कळलेच नसते. पहिल्याच खेपेस मीटर लावला असता, तर हे दोन महिने मला अशी गाडी चालवावी लागली नसती.

तरी माझी मागणी अशी की, बल्ब, होल्डर व मजुरीचे २,९९० रुपये परत करावेत, अर्थिंगच्या जागेवर रंग राहिल्याची चूक वर्कशॉपने लेखी मान्य करावी आणि त्या कामात उघडलेले इतर सर्व अर्थिंगचे बोल्ट माझ्यासमोर मीटर लावून विनामूल्य तपासून द्यावेत. बीसीएम खराब असल्याची नोंद माझ्या गाडीच्या सर्व्हिस इतिहासात असल्यास ती काढून टाकावी, कारण पुढे गाडी विकताना ती मला बाधक ठरेल. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाणार आहे.

कळावे,

आपली ग्राहक,
रत्नागिरी

सोबत: दोन्ही बिलांच्या व तिन्ही जॉबकार्डांच्या प्रती, बीसीएमचे अंदाजपत्रक, छायाचित्रे