काका, तुमच्या शेवटच्या क्लूचं स्पष्टीकरण

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. सांगलीच्या वाचनालयात सगळे तुम्हाला काकाच म्हणायचे, मीही म्हणू लागले. नंतर ओळख इतकी झाली की आडनाव विचारायची लाज वाटायला लागली. आता चौकशी केली तर "ते मुलाकडं राहायला गेले" यापलीकडं कुणाला सांगता येत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. ते तुमच्यापर्यंत पोचलं, तर यातली कोडी वाचून तुम्ही मला ओळखाल.

2011 साली मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायला तिथं यायचे. तासगाव तालुक्यातली, मराठी शाळेत शिकलेली. गणिताची भीती नव्हती, इंग्रजीची होती. तुम्ही खिडकीजवळच्या टेबलावर ‘द हिंदू’ घेऊन बसायचात. आपल्याकडं तो एक दिवस उशिरा यायचा. वाचनालयाच्या पेपरावर पेन टेकवायचं नाही हा तुमचा नेम, म्हणून कॅलेंडरच्या जुन्या पानामागं पट्टीनं चौकट आखून, काळी घरं पेन्सिलीनं भरून, मग तुम्ही त्यातलं इंग्रजी शब्दकोडं सोडवायला घ्यायचात, क्रिप्टिक, म्हणजे चकव्याच्या सूचनांचं. कोड्याची उत्तरं पेपरात दुसऱ्या दिवशी येतात. तुम्ही एकदा म्हणालात, "आपण हे सोडवतोय तोवर उत्तरं तिकडं छापूनसुद्धा झाली. पण आपल्यापर्यंत उद्याच येणार. तेवढा वेळ आपला."

मी डोकावून बघत होते हे तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही कागदाच्या कडेला एक क्लू, म्हणजे शब्द ओळखायची सूचना, लिहून माझ्याकडं सरकवलात. ‘थ्रेट फ्रॉम अनटायडी गार्डन’, पुढं कंसात 6, म्हणजे उत्तराची अक्षरं. चारही शब्दांचे अर्थ मला येत होते. अस्ताव्यस्त बागेपासून धोका. मी साप म्हणाले, विंचू म्हणाले, गवत म्हणाले. तुम्ही प्रत्येक वेळी मान हलवलीत, पण उत्तर दिलं नाहीत. "हे वाक्य बागेबद्दल नाहीच," म्हणालात. "क्लूच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो. दुसऱ्या टोकाला तेच उत्तर बनवायची कृती असते. दोन्ही वाटांनी एकाच घरी पोचायचं. आता सांग, अर्थ कुठला आणि कृती कुठली?"

त्या दिवशी मी अभ्यास केलाच नाही. पाऊण तासानं दिसलं की ‘गार्डन’मध्ये इंग्रजी सहा अक्षरं आहेत आणि ‘अनटायडी’ हा बागेबद्दल नसून त्या अक्षरांना दिलेला हुकूम आहे : विस्कटा. जी, ए, आर, डी, ई, एन. विस्कटून पुन्हा लावली तर डी, ए, एन, जी, ई, आर. डेंजर. थ्रेट म्हणजे तेच. वाचनालयात आवाज करायचा नसतो हे विसरून मी ओरडले होते.

पण ज्यासाठी तुमचे आभार मानायचे आहेत ती गोष्ट त्यानंतरची. तुमच्या वहीत पानाला दोन रकाने असत. डाव्या रकान्यात उत्तर, उजव्यात ‘का’. मी उत्तर बरोबर लिहिलं पण उजवा रकाना मोकळा राहिला, तर तुम्ही उत्तरापुढं पेन्सिलीनं छोटा गोल काढायचात. चूक म्हणून फुली नाही, गोल. "उत्तर बरोबर आहे, पण अजून तुझं झालं नाही." अक्षरांची संख्या आणि दोन-तीन जुळलेली घरं एवढ्यावरून अंदाजानं शब्द बसवता येतो, आणि तसे मी कितीतरी बसवले. तुम्ही एकही सोडला नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलेलं उत्तर माझ्याशी जुळलं, तरी उजवा रकाना भरेपर्यंत गोल तसाच राहायचा. शाळा-कॉलेजात मला इतकी वर्षं कुणी एवढ्या प्रेमानं अडवून धरलं नव्हतं.

आणि हा नियम तुम्ही स्वतःलाही लावायचात. ‘नंबर गॅदर्ड इन टुगेदर’, अक्षरं 5. ‘टुगेदर’च्या पोटात सलग बसलेला शब्द शोधायचा होता, तो मलाही लगेच सापडला : ई, टी, एच, ई, आर. ईथर. पण ईथर हा नंबर कसा? तुम्ही उजव्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलंत, ‘कळलं नाही’, आणि आपल्याच उत्तरापुढं गोल काढलात. चौथ्या दिवशी भर पावसात, गाल सुजलेला, बोलणं अडखळतंय अशा अवस्थेत तुम्ही आलात. दाढ काढून थेट वाचनालयात. "अगं, नंबर नव्हे, नमर! बधिर करतो तो!" ईथर म्हणजे पूर्वी भूल द्यायला वापरायचे ते द्रव्य. इंग्रजीत ‘नम’, म्हणजे बधिर, करणाऱ्याचं स्पेलिंग आणि आकड्याचं स्पेलिंग एकच. दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि तुम्हाला कोडं सुटलं. घरी जाऊन पडायचं सोडून तुम्ही तो गोल पुसायला आला होता. त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात गुरू मानलं, हे तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

त्यानंतरच्या आठवड्यात आपण आयर्विन पुलावर उभे होतो. कृष्णा दुथडी भरून चालली होती. तुम्ही विचारलंत, "हिला क्रिप्टिकवाले काय म्हणतात?" मला सांगता येईना. "फ्लॉवर. फूल नव्हे. जी फ्लो होते ती." मी पुलाच्या कठड्याला धरून किती तरी वेळ नुसती नदीकडं बघत राहिले. शब्द तोच, स्पेलिंग तेच, पण मधोमध मोडून वाचला की फुलाची नदी होते.

हे इंग्रजांचं काही तरी वेगळंच डोकं, असं मी म्हणाले तेव्हा तुम्ही मला आठवीच्या व्याकरणात नेलंत. ‘औषध नलगे मजला.’ दमयंती म्हणते औषध नको, आईला तेच ऐकू येतं. आणि मोडून वाचलं तर ती म्हणते, औषध नल, गे, मजला. श्लेष म्हणून पाठ केलेली ती ओळ मी परीक्षेत दोनदा लिहून मार्क घेतले होते, पण दमयंतीला जे आईपासून लपवायचं होतं आणि तरीही सांगायचं होतं, ते मला पहिल्यांदा तिथं समजलं. ‘कार’ आणि ‘पेट’ जोडून ‘कार्पेट’ करायला सांगणारा क्लू आणि ‘नलगे’ यांत कारागिरी एकच, हे तुम्ही एका वाक्यात दाखवलंत. मोरोपंतांच्या रामायणांचं मग ओघानं आलं. ओठांना ओठ लागू न देता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण, ओळींच्या पोटात मंत्राची अक्षरं ओवलेलं रामायण. आपल्या भाषेत अक्षरांशी असं खेळणारी माणसं शेकडो वर्षं आहेत, हे कळल्यावर इंग्रजी कोड्यासमोरची माझी मान वर झाली.

मग आपण मराठीत क्लू रचून बघायला लागलो. इथं अडचण वेगळीच. इंग्रजीत एकेक स्वर सुटा होतो, आपल्याकडं काना-मात्रा अक्षराला धरून राहतात, त्यामुळं अक्षरं विस्कटायला फार वाव नाही. एका घरात एक पूर्ण अक्षर. पण उलटं वाचायला मराठी फार छान आहे. तुमचा तो क्लू मी आजही लोकांना घालते : ‘साप उलटला, तरी हातात मावेल एवढं’, अक्षरं 2. साप उलटा केला की पसा. साप उलटतो हे म्हणणं किती मराठी, आणि तेच कृतीचं काम करतंय! मी जोडून दिलं, ‘गाडीमागे ओझं, व्यवस्था पाहणं’, अक्षरं 4. कार आणि भार, कारभार. "कृती चोख आहे, पण वाक्य वाचताना डोळ्यांसमोर चित्र उभं राहत नाही," असं म्हणून तुम्ही ते परत दिलंत. खरं होतं ते.

गंमत म्हणून तुम्ही सांगितलेल्या गोष्टी मी कधी लिहून ठेवल्या नाहीत, तरी विसरले नाही. पहिलं शब्दकोडं 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्कच्या पेपरात आलं, रचणारे आर्थर विन मूळचे लिव्हरपूलचे, आणि चौकट होती पतंगाच्या आकाराची. त्यात चकवा नव्हता, सरळ अर्थ होते. चकवा इंग्लंडात वाढला. तिथल्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी रचणाऱ्यांनी टोपणनावं घेतली ती स्पेनमध्ये पाखंड्यांचा छळ करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांची : आधी टॉर्केमाडा, मग झिमेनेझ. नावं छळ करणाऱ्यांची, पण झिमेनेझ यांनी आयुष्यभर आग्रह धरला तो न्यायाचा : सोडवणाऱ्याला फसवा, पण त्याच्यावर अन्याय करू नका. आफ्रिट या टोपणनावानं कोडी रचणाऱ्या रिची यांचं वाक्य तुम्ही मराठीत करून सांगायचात, "मी बोलतो तेच माझ्या मनात असेल असं नाही, पण मनात आहे ते मला बोलावंच लागेल." आणि नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख अॅडमिरल कटारी निवृत्तीनंतर ‘द हिंदू’साठी कोडी रचत, हे सांगताना तुमचा आवाज अभिमानानं भरून यायचा. कोड्यांत वापरतात ते क्रिकेटचे संक्षेप मात्र मला आधीच येत होते, फक्त ते येतात हे माहीत नव्हतं. रन म्हणजे आर, कॉट म्हणजे सी, मेडन म्हणजे एम, डक म्हणजे शून्य आणि म्हणून ओ. वडिलांच्या रेडिओवर स्कोअर ऐकत वाढलेल्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

परीक्षेत इंग्रजीचा पेपर मला सोपा गेला. ते श्रेय कोड्यांना किती, अभ्यासाला किती, याचा हिशोब मी मांडणार नाही. पण उतारा वाचताना ‘हा शब्द इथं नाम आहे की क्रियापद’ हा प्रश्न आपोआप पडायला लागला होता, आणि तो तुम्ही लावलेला. आज कर्जाचे करारनामे वाचताना एखादं कलम मला पटकन कळलंय असं वाटलं, की मी थांबते. उजव्या रकान्यात काय लिहिशील, असं स्वतःला विचारते. कधी कधी काहीच लिहिता येत नाही. मग पुन्हा वाचते.

आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत दोघंजण आता माझ्याबरोबर कोडं सोडवतात. एकजण फोनवर उत्तर शोधून आणतो, आणि मी त्याच्या उत्तरापुढं गोल काढते. आधी तो चिडायचा. परवा त्यानं ‘नोबलमन फाउंड इन पर्ल्स’ हा क्लू स्वतः फोडला, मोत्यांच्या पोटातून अर्ल, म्हणजे इंग्रज सरदार, बाहेर काढला, उजवा रकाना भरून कागद माझ्यासमोर ठेवला आणि बघत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तुम्ही माझ्या चेहऱ्यावर पाहिलं असणार. ते बघायला मिळणं हे केवढं सुख आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आता त्या शेवटच्या क्लूकडं येते.

2013 मध्ये निवड झाल्याचं सांगायला मी पेढे घेऊन आले, तेव्हा तुम्ही एका चिठ्ठीवर लिहून दिलंत : ‘श्रिंक अ ट्रबल्ड बँकर’, अक्षरं 7. खाली दोन रकाने आखले, आणि उत्तराच्या मोकळ्या जागेपुढं आधीच पेन्सिलीनं गोल काढून ठेवलात. "का ते लिहून आण, मग मी पुसतो." मी बँकेत जाणार म्हणून बँकर, एवढंच मला वाटलं. मानसोपचारतज्ज्ञाला इंग्रजी बोलण्यात श्रिंक म्हणतात, म्हणून त्या वाटेनं गेले. ‘बँकर’ची अक्षरं विस्कटून पाहिली तर ती सहाच भरतात. हुद्दे आठवले, चलनं आठवली. चिठ्ठी पासबुकात ठेवली आणि तिच्यासकट माझ्या तीन बदल्या झाल्या.

ऑगस्ट 2019 मध्ये मी सांगलीपासून लांब होते. घरच्यांचे फोन लागत नव्हते. टीव्हीवर आयर्विन पुलाची पाणीपातळी दाखवत होते, धोक्याची 45 फुटांची खूण केव्हाच बुडालेली. वेळ जाईना म्हणून चॅनेल बदलत होते, तर एक इंग्रजी निवेदिका म्हणाली की नदीनं आपले ‘बँक्स’ सोडले आहेत. मी उठून पासबुक शोधलं. घरच्यांचा ठावठिकाणा लागेना अशा रात्री मी कोडं सोडवत बसले, याबद्दल मला नंतर अपराधी वाटलं. पण त्या वेळी हातात धरायला तुमची चिठ्ठी होती, ती धरली. पहाटे घरचा फोन लागला, सगळे नातेवाइकांकडं सुखरूप होते.

त्या दिवाळीत चिठ्ठी घेऊन वाचनालयात आले. खिडकीजवळच्या टेबलावर दुसरंच कुणी तरी बसलं होतं. तेव्हापासून चिठ्ठी माझ्याचकडं आहे. तिच्यावरचा मजकूर इथं उतरवून देते, तुमच्याच पद्धतीनं.

डावा रकाना : कृष्णा.

उजवा रकाना : अर्थ ‘बँकर’ या शेवटच्या शब्दात. जिला बँक्स आहेत, म्हणजे काठ आहेत, ती बँकर, जशी फ्लो होते ती फ्लॉवर. ‘ट्रबल्ड’ म्हणजे आधीची अक्षरं ढवळा. ‘श्रिंक’ आणि ‘अ’ मिळून सात : एस, एच, आर, आय, एन, के, ए. ढवळून लावली की के, आर, आय, एस, एच, एन, ए. एकही अक्षर उरत नाही, एकही कमी पडत नाही.

गोल मी पुसलेला नाही. तो तुम्हीच पुसायचा आहे.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची विद्यार्थिनी