पायी पोचता येईल असे घर

खडकेश्वर,
छत्रपती संभाजीनगर

चि. सौ. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू दोन्ही घरांची छायाचित्रे, नकाशे आणि किमती असे जे सगळे पाठवलेस, ते मी आणि तुझ्या बाबांनी शांतपणे पाहिले. पुण्याहून इकडे परत यायचे तुम्ही दोघांनी ठरवले, याचा आनंद तर आहेच. पण घर घेताना आईला काय वाटते ते स्पष्ट लिहून कळव, असे तू म्हणालीस, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. बीड बायपासच्या पलीकडचे तीन खोल्यांचे नवे घर मोठे, हवेशीर आणि देखणे आहे. औरंगपुऱ्यातले घर त्याहून लहान, दुसऱ्या मजल्यावरचे, लिफ्ट नसलेले आणि ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीतले आहे. तरीही कागद चोख निघाले, तर तुम्ही औरंगपुऱ्यातलेच घर घ्यावे, असे माझे मत आहे. तू आमच्या जवळ राहावीस ही माझी इच्छा आहे, ती मी लपवत नाही. पण पुढे लिहिलेली कारणे त्या इच्छेवर उभी नाहीत.

घराचा विचार करताना आपण खोल्या मोजतो, चौरस फूट मोजतो, खिडकीतून काय दिसते ते पाहतो. त्या घरात राहणाऱ्या प्रत्येक माणसाला दुसऱ्या कोणाची वाट न पाहता कुठवर जाता येईल, हे मात्र सहसा कोणी मोजत नाही. औरंगपुऱ्याच्या घरातून निघालीस की सरस्वती भुवनची शाळा, बलवंत वाचनालय, नाथ मंदिर, पैठण गेटची कापडाची दुकाने, गुलमंडीचा बाजार, निराला बाजारातले दवाखाने आणि तापडिया नाट्यमंदिर हे सगळे पायी जाऊन येण्यासारख्या अंतरात आहे. क्रांती चौकातले तुझे ऑफिससुद्धा थोडे लवकर निघालीस तर चालत गाठता येईल, आणि ज्या दिवशी अंगात त्राण नसेल त्या दिवशी रिक्षा दारातून मिळेल. जावईबापूंना शेंद्र्याला जायचे आहे, त्यांना गाडी लागणारच; दोन्हींपैकी कोणतेही घर घेतले तरी त्यांचा जालना रस्त्याचा प्रवास चुकणार नाही. त्यामुळे त्यांच्या प्रवासावरून घर ठरवू नका. घरातल्या बाकीच्या माणसांच्या पायांवरून ठरवा.

तुमच्या घरात गाडी न चालवणारी दोन माणसे आहेत, एक नऊ वर्षांचा नातू आणि दुसऱ्या तुझ्या सासूबाई. बायपासच्या घरी नातवाला शिकवणीला, पोहायला, मित्राकडे, अगदी वही आणायलासुद्धा कोणीतरी सोडायला लागेल आणि आणायला लागेल, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुधा तूच असशील, हे मी वेगळे सांगायला नको. इथे आणखी दोन वर्षांनी तो स्वतः वाचनालयात जाऊन पुस्तक बदलून आणेल. सासूबाईंचे तर मला अधिक वाटते. त्यांना साखरेचा त्रास आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे, आणि आयुष्यभर अंबाजोगाईच्या गल्लीत राहिलेल्या बाईला सोसायटीच्या आवारातल्या फेऱ्या म्हणजे शिक्षा वाटते. चालायला त्यांना निमित्त लागते. सकाळी मंदिर, येताना कोथिंबिरीची जुडी, औषधाच्या दुकानात गोळ्यांची चौकशी, वाटेत ओळखीच्या बाईच्या ओट्यावर दोन मिनिटे टेकणे, एवढ्यात त्यांचे दीड किलोमीटर चालून होईल आणि त्यांना ते व्यायाम म्हणून जाणवणारही नाही. माझ्या वडिलांना मी याच भागात वयाच्या ऐंशीपर्यंत असे फिरताना पाहिले आहे. काठी टेकत ते निघायचे, सराफ्याच्या अलीकडे एका पानवाल्यापाशी थांबायचे, तो न बोलता स्टूल पुढे सरकवायचा, आणि वडिलांना घरी यायला उशीर झाला तर तोच पोराला पाठवून निरोप द्यायचा. अशी ओळख कोणत्याही बिल्डरला माहितीपत्रकात छापता येत नाही, आणि ती नव्या वस्तीत रुजायला एक पिढी जाते.

आपले जुने शहर मुळात पायी चालणाऱ्यांसाठीच वसले आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच आपले शहर, वसवली, डोंगराकडून नहरीने पाणी आणून ते वस्तीत खेळवले. पुढे औरंगजेबाच्या काळात तटबंदी आणि दरवाजे झाले, आणि त्या तटाच्या आत पुरे म्हणजे वस्त्या आणि गल्ल्या दाट वाढल्या. घोडा, बैलगाडी आणि माणूस यांच्या मापाने झालेल्या या गल्ल्या मोटारीला अडचणीच्या ठरतात, हे खरे. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला की या अरुंद गल्लीत एका बाजूच्या घरांची सावली दुसऱ्या बाजूच्या पायरीपर्यंत पोचते आणि सकाळी दहापर्यंत माणूस डोक्यावर पदर घेऊन बिनधास्त चालू शकतो. बायपासच्या रुंद रस्त्यावर मे महिन्यात सकाळी नऊलाच सावलीला जागा नसते. रस्ता रुंद असला म्हणजे तो चालायला सोयीचा असतो असे नाही, हे तिकडे एकदा दूध आणायला पायी जाऊन पाहा, म्हणजे पटेल.

आता पैशाचे बोलू. औरंगपुऱ्याचे घर चौरस फुटामागे महाग पडते, यावर तुझा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. पण दुसरी बाजूही मांडून पाहा. बायपासवर राहिलात तर तुझे ऑफिस, शाळा, शिकवणी आणि बाजार मिळून दिवसाला ३० किलोमीटर सहज होतील आणि तुमच्या एका गाडीच्या दोन गाड्या कराव्या लागतील. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५० किलोमीटर. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर ५० लिटर पेट्रोल, म्हणजे आजच्या भावाने ५,००० रुपयांच्या वर. विमा, दुरुस्ती आणि गाडीचा हप्ता अजून धरलेला नाही. साडेआठ टक्क्यांच्या आसपास व्याज असलेल्या २० वर्षांच्या गृहकर्जाला एका लाखामागे महिन्याला सुमारे ८७० रुपये हप्ता बसतो. या हिशेबाने नुसत्या पेट्रोलच्या पैशांत साडेपाच लाखांहून जास्त कर्ज फिटते. पेट्रोल जळून जाते. कर्ज फिटले की घर राहते. तुझ्या बाबांनी हा हिशेब वहीत दोनदा करून पाहिला आहे.

जुन्या वस्तीच्या अडचणीही मी तुझ्यापासून दडवणार नाही. गाडी उभी करायला जागा नाही, आणि इमारतीखाली जी आहे ती कोणाची, यावरून शेजाऱ्यांत कुरबूर असते, तेव्हा पार्किंग खरेदीखतात लिहून मिळते का ते आधी विचारा. गणपतीत आणि इतर मिरवणुकांत गुलमंडी-पैठण गेटचे रस्ते बंद असतात, ढोलाचा आवाज रात्री उशिरापर्यंत घरात येतो. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस पैठण गेटवरून वाट काढणे नकोसे होते. औरंगपुऱ्यातून नाला जातो, म्हणून ते घर एखाद्या जोरदार पावसाच्या दिवशी पाहून या. तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे का, जिन्याखाली ओल आहे का, हे उन्हाळ्यात कळत नाही. पाण्याचे म्हणशील तर सगळ्या शहराचेच दुखणे आहे. पैठणच्या नाथसागरातून एवढ्या लांबून पाणी येते आणि नळाला ते काही दिवसांच्या अंतराने सुटते; पण जुन्या भागात नळ तरी आहे, बायपासकडच्या सातारा-देवळाई भागात कित्येक इमारती टँकरवर दिवस काढतात. इमारतीचा हौद किती लिटरचा आहे, वरच्या टाकीत पाणी चढवायची मोटर कोण चालवतो आणि बोअरला उन्हाळ्यात पाणी राहते का, हे खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचार. विकणारा सांगेल त्यापेक्षा त्या खरे सांगतील.

मला खरी काळजी वाटते ती कागदांची, आणि इथे मी तुला घाई करू देणार नाही. ती इमारत एका जुन्या वाड्याच्या जागेवर उभी आहे. आपल्याकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते, त्यामुळे जुन्या जागांचे व्यवहार उर्दूत लिहिलेले असतात. मालकांनी बाबांना दाखवलेला मूळ कागद तसाच आहे: तपकिरी पडलेला, घडीघडीला फाटलेला, मागून पातळ कापड चिकटवून सांधलेला, वर निजाम सरकारचा शिक्का आणि खाली बारीक उर्दू मजकूर. त्याचे जाणकाराकडून मराठीत भाषांतर करून घ्या. जागा इनामाची, देवस्थानाची किंवा अन्य कोणत्या संस्थेची तर नव्हती ना, हे त्यातून कळेल, कारण अशा जागेचा व्यवहार परवानगीवाचून झालेला असला तर पुढे अनेक वर्षांनीही त्याला आडकाठी येऊ शकते. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक, म्हणजे शहरातल्या जागेचा मालकीचा उतारा, काढा आणि त्यावरची नावे व क्षेत्र आजच्या स्थितीशी जुळते का ते ताडून पाहा. वाडा तीन भावांचा होता असे मालक बोलता बोलता म्हणाले. मग बहिणींचे काय? त्यांनी आपला वाटा सोडल्याची हक्कसोड नोंदवलेली आहे का, की नुसती तोंडी? मराठवाड्यात वाड्यांच्या वाटण्या घरच्या बैठकीत होतात आणि कागदावर यायच्या राहतात, हे तू आपल्याच नात्यात पाहिले आहेस.

वकिलांकडून मालकीच्या मागच्या ३० वर्षांच्या नोंदींचा शोध अहवाल घ्या, प्रत्येक खरेदीची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा, मागा आणि इमारत राहायला वापरता येते असा महानगरपालिकेचा दाखला, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, प्रत्यक्ष पाहा, कारण जुन्या इमारतींत बांधकाम परवानगी असते आणि भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचे राहून गेलेले असते. इमारत सहकारी संस्था म्हणून नोंदवलेली आहे की अपार्टमेंट कायद्याखाली तिचे घोषणापत्र झाले आहे, आणि जमिनीतला हिस्सा तुमच्या नावावर येणार का, हे नीट समजून घ्या. उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली तर त्या हिश्श्यावरच सगळे अवलंबून राहील. तळमजल्यावरचा शिलाईवाला भाडेकरू आहे की मालक, तेही विचारा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खाली जुन्या भाडेकरूला चांगले संरक्षण आहे आणि ते असायलाही हवे, मात्र ते आधी माहीत असलेले बरे. ३० वर्षांवरच्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे महानगरपालिका कायद्याने बंधनकारक आहे. ती झालेली नसेल तर आपल्या खर्चाने करून घ्या. गच्चीखालच्या खोलीत छताचा गिलावा फुगला असेल आणि आतली सळई गंजून दिसत असेल, तर त्या घराला मी स्वतः नाही म्हणेन. बँकही इमारतीचे उरलेले आयुष्य पाहूनच कर्जाची मुदत ठरवते.

बायपासच्या घराचे कागद नवे म्हणून निर्धास्त राहू नका. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदवलेला असेल तर क्रमांक घेऊन संकेतस्थळावर मंजूर नकाशा आणि ताबा देण्याची तारीख पाहता येते, आणि किंमत चटई क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेवर, मोजलेली आहे का ते कळते. तिकडच्या बऱ्याच जमिनींचे गुंठ्यांनी तुकडे पडलेले आहेत. ही गुंठेवारी, म्हणजे असे पाडलेले तुकडे, नियमित झाली आहे का, शेतीखेरीज वापराची अकृषिक परवानगी आहे का, हे तिथेही विचारावेच लागते.

खरेदी ६० लाखांच्या आसपास जाईल असे धरले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे या रकमेला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते, म्हणजे १२ लाख हातात हवेत, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील व दुरुस्ती यांचा खर्च त्याखेरीज. नोंदणी फी १ टक्का असली तरी ती ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. घर एकट्या तुझ्या, म्हणजे बाईच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे, म्हणजे ६०,००० रुपये वाचतात. दोघांच्या नावे घेतले तर ती मिळत नाही. हे मी जावईबापूंना मोकळेपणाने सांगितले आहे आणि त्यांची हरकत नाही. पैसे वाचतील ते वाचतील, पण मुलीच्या नावावर घर असावे ही माझी फार जुनी इच्छा आहे.

तूर्त विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊ नका. येत्या शनिवारी तुम्ही याल तेव्हा संध्याकाळी सात वाजता, बाजार भरात असताना, घर पुन्हा पाहू आणि तिथून शाळेपर्यंत व तुझ्या ऑफिसपर्यंत चालत जाऊ. सासूबाईंना सोबत आण आणि त्या दोन मजल्यांचा जिना त्यांना त्यांच्या चालीने चढू दे. मध्ये टेकायला जागा आहे, कठडा पक्का आहे, पण पायऱ्या उंच आहेत, आणि त्या चढणे त्यांना रोज झेपेल की नाही हे त्यांनीच सांगायला हवे. त्या नाही म्हणाल्या, तर समर्थनगरात वरद गणेशाच्या मागे पहिल्या मजल्यावरचे एक घर विकायचे आहे असे बाबांच्या कानावर आले आहे. तेही त्याच दिवशी पाहून घेऊ. मालमत्ता पत्रकासाठी बाबा उद्या अर्ज करतील, त्याला नगर भूमापन क्रमांक लागतो, तो मालकांकडून विचारून आजच कळव.

जावईबापूंना व विहीणबाईंना नमस्कार. नातवास गोड पापा.

तुझी,
आई