विद्यार्थ्यांना व्हिडिओंच्या पुढे, मूळ आकड्यांपर्यंत न्यायला हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी इंटरनेटवर असलेल्या अभ्याससाहित्याची ओळख करून देणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. अर्थशास्त्राच्या वाट्याला त्यात एक परिच्छेद आला होता आणि त्यात व्हिडिओ व्याख्यानांच्या चार संकेतस्थळांची नावे होती. नावे योग्यच होती. पण बरीच वर्षे पदवीच्या वर्गांना हा विषय शिकवत आल्यामुळे त्या परिच्छेदात जे राहून गेले ते मला फार मोठे वाटले, म्हणून हे पत्र.

अर्थशास्त्र समजावून सांगणारे कोणी मिळत नाही, अशी अडचण आता उरलेली नाही. मागणीची लवचीकता दहा मिनिटांत सांगणारे व्हिडिओ मोजता येणार नाहीत इतके आहेत. पण असे व्हिडिओ तोंडपाठ झालेल्या मुलाला अमुक देशातला गेल्या तीस वर्षांचा महागाईचा दर काढून आणायला सांगितला, तर तो एखाद्या बातमीतला आकडा उतरवून आणतो. हा दर ग्राहक किमतींवरून काढला आहे की घाऊक, वर्षाची सरासरी आहे की डिसेंबर ते डिसेंबर, असे विचारले की गप्प होतो. मुलगा हुशार असतो. आकड्याच्या उगमापर्यंत त्याला कोणी नेलेलेच नसते. आणि गंमत नव्हे, खंत अशी, की ते उगम आज सगळ्यांसाठी विनामूल्य खुले आहेत.

व्याख्यानांबद्दल थोडक्यात सांगते. खान अकादमी हे मोफत धड्यांचे संकेतस्थळ पाया पक्का करायला चांगले आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या टायलर कोवेन आणि अ‍ॅलेक्स टॅबरॉक या दोन प्राध्यापकांनी २०१२ मध्ये सुरू केलेली मार्जिनल रिव्होल्यूशन युनिव्हर्सिटीही तशीच. अमेरिकेतल्याच एमआयटी या विद्यापीठाने आपले अभ्यासक्रम ओपनकोर्सवेअर या नावाने खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. त्या ओपनकोर्सवेअरवर मुले जातात, पण व्याख्यान बघून परत फिरतात. तिथले खरे धन आहे उदाहरणसंच आणि जुन्या प्रश्नपत्रिका, त्याही बऱ्याच ठिकाणी उत्तरांसह. व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. कोरा कागद घेऊन बसल्यावर आपल्याला काय येत नाही ते कळते. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, की एक व्हिडिओ पाहिलात तर दोन गणिते सोडवा.

पाठ्यपुस्तकांची अडचणही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. ओपनस्टॅक्सचे प्राथमिक अर्थशास्त्राचे पुस्तक कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. त्याहून मला जवळचा वाटतो तो ‘कोअर’ हा प्रकल्प. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अनेक देशांतले विद्यार्थी विचारू लागले, की जगात जे घडते आहे त्याचा आमच्या पुस्तकात पत्ता का नाही? त्या अस्वस्थतेच्या काळातच वेंडी कार्लिन, सॅम्युएल बोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतले. त्यांचे ‘द इकॉनॉमी’ हे पुस्तक मागणी-पुरवठ्याच्या वक्रांनी सुरू होत नाही. शतकानुशतके जवळजवळ सपाट राहिलेली दरडोई उत्पन्नाची रेषा अलीकडच्या काळात एकदम वर कशी चढली, या आलेखाने ते सुरू होते. म्हणजे आधी जगातले कोडे आणि मग ते उलगडायला सिद्धान्त. त्याच मंडळींचे ‘डुइंग इकॉनॉमिक्स’ हे जोडपुस्तक तर हातात खरी आकडेवारी देऊन एक्सेलमध्ये किंवा आर या मोफत संगणकभाषेत काम करायला लावते. पदवीच्या पहिल्या वर्षाला एकच साधन सुचवायचे असेल तर मी हे सुचवेन.

आता मूळ मुद्दा, आकडेवारीचा. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने ‘फ्रेड’ नावाचे भांडार उभे केले आहे. १९९१ मध्ये ते टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या सूचनाफलकाच्या रूपात सुरू झाले. आज त्यात आठ लाखांहून अधिक कालश्रेणी, म्हणजे एकाच गोष्टीच्या काळानुसार मांडलेल्या आकड्यांच्या मालिका आहेत, आणि केवळ अमेरिकेच्याच नव्हेत. तिथे आलेख काढायला संगणकशास्त्र यावे लागत नाही. मालिका उघडायची, एकक बदलायचे, ‘वर्षापूर्वीच्या तुलनेत टक्के बदल’ निवडायचे, की किमतींची पातळी दाखवणारा महागाईचा निर्देशांक महागाईचा दर होऊन समोर येतो. निर्देशांक वर जात असतानाही दर खाली येऊ शकतो, ही गोष्ट फळ्यावर चार वेळा सांगून जी मुलांच्या गळी उतरत नाही, ती या एका बदलाने क्षणात उतरते. महागाई कमी झाली म्हणजे किमती कमी झाल्या असे समजणारी मोठी माणसेही मी पाहिली आहेत.

जागतिक बँकेने आपली आकडेवारी एप्रिल २०१० मध्ये सर्वांना मोफत खुली केली. दोनशेहून अधिक देश आणि प्रदेशांचे आकडे तिथे एका ठिकाणी मिळतात. फार जुन्या काळात डोकावायचे असेल तर अँगस मॅडिसन या अर्थशास्त्रज्ञाने आयुष्यभर जमवलेले आणि त्यांच्या मागे नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे चालवलेले, देशोदेशींच्या जुन्या काळातल्या उत्पन्नाच्या आकड्यांचे काम आहे. देशादेशांतल्या उत्पादनाची क्रयशक्तीच्या, म्हणजे तेवढ्या पैशात त्या त्या देशात किती वस्तू येतात याच्या आधाराने तुलना करायची असेल तर त्याच विद्यापीठातून मिळणारे पेन वर्ल्ड टेबल आहे. ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ हे संकेतस्थळ दिसायला सुरेख आहे आणि प्रत्येक आलेखाखाली आकडे कुठून घेतले ते नीट सांगते. मात्र विद्यार्थ्याने तिथे थांबू नये, तिथून मूळ स्रोताकडे जावे.

यातल्या प्रत्येक आकड्यासोबत एक टीप असते आणि मुले ती उघडतच नाहीत. तिच्यात आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती आणि रचना धरून मोजणी होते ते वर्ष), व्याख्या, मोजण्याची पद्धत, मालिका कुठे तुटली, सगळे लिहिलेले असते. नायजेरियाचे उदाहरण मी दरवर्षी देते. एप्रिल २०१४ मध्ये त्या देशाने जीडीपीचे आधारवर्ष १९९० वरून २०१० वर आणले आणि २०१३ सालचा जीडीपी ८९ टक्क्यांनी वाढलेला दिसू लागला. एका दिवसात नायजेरिया दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून आफ्रिकेतली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. त्या दिवशी कारखाने दुपटीने चालले नव्हते, कोणाच्या घरात जास्तीचा पैसा आला नव्हता. १९९० मध्ये नगण्य असलेले मोबाइल दूरसंचार आणि चित्रपट यांसारखे व्यवसाय जुन्या मोजणीत नीट धरले जात नव्हते, ते आता धरले गेले. ज्याने टीप वाचली नाही तो जुनी आणि नवी मालिका जोडून भरभराटीचा आलेख काढतो आणि त्यावर पानभर कारणमीमांसाही लिहितो. असे निबंध मी तपासले आहेत.

गरिबीच्या आकड्यांचेही तेच. जागतिक बँकेची अतिदारिद्र्याची रेषा २०२२ मध्ये दिवसाला २.१५ डॉलर झाली आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर. हे डॉलर बाजारातल्या विनिमय दराचे नाहीत, क्रयशक्तीच्या तुलनेतले आहेत. रेषा कोणत्या वर्षीची हे न पाहता दोन अहवालांतल्या टक्केवाऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर गरिबी वाढली की घटली याचे उत्तरच चुकते.

एखादा पदवीचा विद्यार्थी मूळ आकड्यांपर्यंत जाऊन काय करणार, असे काही सहकारी मला विचारतात. त्यांना मी थॉमस हर्नडनची गोष्ट सांगते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक शोधनिबंध लिहिला. ज्या प्रगत देशांचे सार्वजनिक कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले त्यांचा सरासरी वाढीचा दर उणे ०.१ टक्का निघतो, असे त्यात होते. सरकारी खर्चकपातीच्या बाजूने बोलणारे अनेक देशांतले राजकारणी त्या निबंधाचा दाखला देत राहिले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अ‍ॅमहर्स्ट इथे पीएच.डी. करणाऱ्या हर्नडनला वर्गातला गृहपाठ म्हणून एखादा प्रसिद्ध निष्कर्ष पुन्हा काढून दाखवायचा होता. त्याने हा निवडला, आणि काही केल्या तो निघेना. शेवटी त्याने लेखकांकडेच त्यांची एक्सेलची फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली. पाहतो तर सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देश धरलेच नव्हते. शिवाय काही वर्षांचे आकडे गाळले होते, आणि भार देण्याची पद्धत अशी होती, की न्यूझीलंडच्या एका वाईट वर्षाला ब्रिटनच्या एकोणीस वर्षांइतके वजन मिळत होते. आपले शिक्षक मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पोलिन यांच्याबरोबर त्याने २०१३ मध्ये दुरुस्त हिशेब मांडला. तो दर आला २.२ टक्के. लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली. मोठे कर्ज आणि मंद वाढ यांचा संबंध मात्र तरीही दिसतो, असे त्यांचे म्हणणे राहिले, आणि त्यावर वाद चालूच आहे. मला यातला गृहपाठ महत्त्वाचा वाटतो. ज्या वयात आमची मुले ‘महत्त्वाचे प्रश्न’ शोधत असतात, त्याहून काही वर्षांनीच मोठा असलेला एक विद्यार्थी फाइल उघडून ओळ न् ओळ वाचत बसला होता.

त्यानंतर हे काम सोपेच झाले आहे. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या नियतकालिकांतल्या बहुतेक आकडेवारीवर आधारलेल्या निबंधांबरोबर त्यांचा विदा, म्हणजे मूळ आकडे, आणि संगणकाला दिलेल्या आज्ञाही उतरवून घेता येतात. याच संस्थेचे ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक पर्स्पेक्टिव्हज’ २०११ पासून सर्वांना मोफत आहे, १९८७ च्या पहिल्या अंकापासूनचे सगळे. त्यातले लेख मोठमोठे अभ्यासक लिहितात, पण आपल्या उपशाखेबाहेरच्या वाचकासाठी लिहितात, त्यामुळे गणिताचे ओझे कमी असते. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ते शब्दकोश बाजूला ठेवून वाचता येतात. महिन्याला एक लेख वाचला तरी परीक्षेच्या उत्तराचा पोत बदलतो, हे मी स्वतः पाहिले आहे. एखादा निबंध पैसे मागणाऱ्या पानामागे अडकला असेल तर रेपेक नावाच्या सूचीत शोधावे. १९९७ पासून स्वयंसेवकांच्या श्रमावर ती चालते, आणि निबंधाची आधीची मोफत आवृत्ती तिथून बरेचदा सापडते.

चॅटबॉटविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. मुले ते वापरतात, आणि एखादी संकल्पना सोप्या शब्दांत पुन्हा समजून घ्यायला वापरली तर माझी हरकत नाही. पण गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने दिलेल्या प्रकल्पातले तीन शोधनिबंध मी शोधायला गेले, तर ते अस्तित्वातच नव्हते. लेखकांची नावे खरी, नियतकालिक खरे, निबंध मात्र कोणी लिहिलेलेच नाहीत. ती रडवेली झाली. तिला फसवायचे नव्हते. त्या दिवसापासून माझ्या वर्गात एक नियम आहे: जो निबंध तुम्ही स्वतः उघडला नाही त्याचे नाव लिहायचे नाही, आणि जो आकडा मूळ जागी पाहिला नाही तो वापरायचा नाही.

हे सगळे साहित्य इंग्रजीत आहे, ही अडचण मला मान्य आहे आणि ती लहान नाही. मराठीतून शिकून आलेल्या मुलांना पहिले सहा महिने जड जातात. म्हणूनच आकड्यांपासून सुरुवात करावी असे मला वाटते. आलेखाला भाषा कमी लागते, आणि आधारवर्ष, चालू किंमत, स्थिर किंमत, हंगामी समायोजन असे तीसेक शब्द दोन्ही भाषांत पक्के झाले की बहुतेक टिपा वाचता येतात. हे तीस शब्द पहिल्या सत्रातच करून घेणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे, आणि ते आम्ही पुरेसे करत नाही.

आपल्याकडे मात्र एक मागणे आहे. आपल्या अर्थविषयक पानावर उत्तम आलेख येतात आणि खाली बारीक अक्षरात ‘स्रोत : जागतिक बँक’ एवढेच असते. तिथे मालिकेचे पूर्ण नाव, आधारवर्ष आणि आकडे कोणत्या तारखेला घेतले, एवढे छापावे. दोन ओळींची जागा लागेल. मी त्या आलेखाचे कात्रण वर्गात नेईन आणि विद्यार्थ्यांना तोच आलेख मूळ आकड्यांवरून काढून आणायला सांगेन. त्यांचा आणि आपला आलेख जुळला नाही, तर का जुळला नाही ते आपल्याला कळवू.

आपली,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका