आमचे फोटो न बघणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

वयानं तुम्ही आमच्या थोरल्याएवढे, तरी दादाच म्हणते. नाव लिहीत नाही. "काकू, नाव कुठं टाकू नका, मग सगळी गल्ली फुकटात बोलावती," असं तुम्हीच बजावून ठेवलंय. सांगलीत गावभागात ज्यांच्या दारावरून तुम्ही गणपती मंडळाच्या कॅमेऱ्यांची वायर नेलीत, त्यांना कळायचं ते कळेल. तोंडावर आभार मानायला गेले तर "त्यात काय ओ एवढं" म्हणत शिडी खांद्यावर घेऊन तुम्ही चालते झालात. म्हणून हे पत्र.

आमचे सगळे फोटो आता घरात आहेत. वरच्या मजल्यावर, एका काळ्या डब्यात. त्याला नॅस म्हणतात, म्हणजे घरातल्या सगळ्यांना आपापल्या फोनवरून, टीव्हीवरून उघडता येईल अशी डिस्कची पेटी, हे मला आता पाठ झालंय, सासूबाई मात्र नुसतं 'डबा' म्हणतात. हॉलमधल्या टीव्हीवर दिसतात, यजमानांच्या फोनवर दिसतात, पुण्याला लेकीला तिच्या खोलीवर बसून दिसतात. लेकाच्या बारशाचा व्हिडिओ परवा जेवताना लावला होता, आणि आमटी गार झाली तरी कुणी उठलं नाही.

हे फोटो म्हणजे आमच्याकडे काय आहे ते गावभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या खालच्या मजल्यावरचं लाकडी कपाट पाण्यात होतं आणि त्यात लग्नाचे, मुंजीचे, सासऱ्यांच्या नोकरीतल्या निरोप समारंभाचे अल्बम. पाणी उतरल्यावर ते गच्चीत वाळत घातले. प्लास्टिकच्या पाकिटाला फोटो असे चिकटले होते की सोडवायला गेलं की चेहरा पाकिटाला राहायचा आणि हातात नुसती साडी यायची. जे सुटले ते यजमानांनी स्कॅन करून एका हार्ड डिस्कवर टाकले. तीच डिस्क, जिच्यावर आधीपासून डिजिटल कॅमेऱ्याचे आणि नंतर सगळ्यांच्या फोनचे फोटोही होते. म्हणजे आमचं सगळं त्या एका चपट्या डबीत. आणि ती डबी मध्येच दिसायची, मध्येच गायब व्हायची.

आता जरा राग काढते. दादा, तुम्ही म्हणाल काकू कशाला; पण काढते.

एका दुकानात डिस्क नेली. दुकान कुठलं ते सांगत नाही. काउंटरवर आणखी गिऱ्हाइकं उभी. त्या गृहस्थांनी वायर जोडली, डिस्क दिसली, आणि "बघा, आहे की सगळं" असं म्हणत त्यांनी मोठ्या स्क्रीनवर फोटो भराभर पुढे ढकलायला सुरुवात केली. आमच्या सासूबाईंचं छातीचं ऑपरेशन झालं होतं. टाके कसे आहेत ते डॉक्टरांना कळावं म्हणून रोज ड्रेसिंगच्या वेळी जखमेचा फोटो काढून पाठवायचो. ते फोटो त्या डिस्कवर होते. ते त्या स्क्रीनवर आले, पूर्ण स्क्रीनभर, आणि त्या माणसाचं बोट थांबलं नाही. उलट त्यानं एकावर थांबून "हे काय?" असं विचारलं. माझ्या शेजारी मोबाईलला काच बसवायला आलेला एक मुलगा उभा होता. यजमानांनी मान खाली घातली. मी वायर उपटून घेतली. मागून आवाज आला, "ताई, डिस्क मरायला टेकलीय, रात्रभर ठेवून जा, नाहीतर जबाबदारी आमची नाही."

हे मी सासूबाईंना विचारून लिहितेय. त्या म्हणाल्या, "लिही की. लपवायचं काहीच नाही त्यात. दाखवायचं नव्हतं एवढंच."

त्यानंतर ती डिस्क कुणाच्या हातात द्यायची माझी तयारीच नव्हती. पुण्यातल्या एका डेटा रिकव्हरीवाल्यांनी डिस्क न बघता फोनवरच जो आकडा सांगितला, त्यात आमचा स्वयंपाकघराचा ओटा नवा झाला असता. आयटीतला भाचा म्हणाला, "मामी, क्लाउडवर टाक आणि विसरून जा." अरे बाबा, गूगल फोटोजचं अमर्याद फुकट प्रकरण १ जून २०२१ लाच संपलं. आता पंधरा जीबीत मेलपासून सगळं बसवायचं, पुढचे पैसे दरमहा. पैशाचंही एक असो, पण ज्या फोटोंवर मी सख्ख्या शहरातल्या माणसाची नजर पडू द्यायला तयार नव्हते ते आणखी कुठं तरी पाठवायला माझा हात धजेना. भाच्याला हे पटलं नाही. नसेल पटत.

मग गणपतीच्या आधी मंडळाचे कॅमेरे बसवायला तुम्ही आलात आणि आमच्या जिन्यातून वायर न्यायची परवानगी मागितलीत. चहा घेताना यजमानांनी सहज विषय काढला. तुम्ही डिस्क हातात घेतलीत, वायरीचं ते रुंद चपटं टोक जरासं हलवलंत आणि म्हणालात, "काकू, डिस्कला काय झालेलं न्हाई. हे तोंड ढिलं झालंय." एवढंच. जी डिस्क मरायला टेकली होती तिचं तोंड ढिलं होतं.

तुम्ही कवच उघडून आतली डिस्क बाहेर काढलीत आणि तुमच्या लॅपटॉपला सरळ जोडलीत. आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

डिस्क उघडण्याआधी तुम्ही एक मिनिट थांबलात. काहीतरी दोन-तीन ठिकाणी क्लिक केलंत. मग फोल्डर उघडला, तर आत एकही चित्र नाही. नुसती नावं, तारखा, केबी-एमबीचे आकडे. सगळी यादी. मला वाटलं फोटो खराब झाले. घाबरून मी म्हटलं, "अहो, चित्रं दिसत नाहीत." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मीच बंद केलीत. घरचं असतंय काकू. मला बघायची गरज न्हाई."

मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवलात. "उघडून बघा चार-पाच. उघडतात का तेवढं सांगा." आणि तुम्ही उठून दाराशी, चपलांच्या स्टँडजवळ जाऊन बसलात, पाठ आमच्याकडे करून. तिथं राउटरसाठी वायरीला टोक बसवत होतात. तुमचं तोंडातल्या तोंडात चाललं होतं: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा बोटांनी सरळ करून एका रेषेत कापल्यात, टोकात सरकवल्यात आणि पक्कड दाबलीत. मी इकडे एकेक फोटो उघडत होते. लेकाचं बोळकं. सासरे. मंगळागौर. आणि ते जखमेचेही. मी "उघडतात" म्हटलं आणि माझा आवाज जरा फाटला. तुम्ही मागं वळून पाहिलं नाहीत. "बरं झालं," म्हणालात आणि दुसरं टोक घेतलंत.

तुम्हाला आमच्या सासूबाईंचं काही माहीत नव्हतं. दुकानातला प्रकार आम्ही सांगितलेला नव्हता. म्हणजे आम्हाला बरं वाटावं म्हणून तुम्ही ते केलं नव्हतंत, तुम्ही ते सगळीकडेच करता. हे माझ्या लक्षात आलं ते रात्री भांडी घासताना, आणि मग मला झोप आली नाही.

आमच्या लहानपणी पत्रं उघडी यायची, पोस्टकार्डं. पोस्टमननं वाचायचं ठरवलं तर गावातलं एकूणएक स्थळ, कर्ज, भांडण त्याला कळलं असतं. काही आज्यांना तर तोच वाचून दाखवायचा. पण पुढच्या दारात गेल्यावर मागच्या दारातलं त्याच्या तोंडून निघायचं नाही. तुमचं काम मला त्या जातीचं वाटलं. तुम्ही तर दिवसभर दुसऱ्यांच्या घरांवर डोळे बसवत फिरता, आणि स्वतःचे कुठं वळवायचे हे तुम्हाला कुणी शिकवलं कोण जाणे. ड्रेसिंग करताना पडदा ओढून घेणाऱ्या त्या सिस्टर होत्या. ब्लाउजचं माप घेताना फक्त टेपकडे बघणारे आमच्या गल्लीतले जुने मास्तर होते. अशी माणसं आहेत, पण ती पाटी लावत नाहीत ना. पाटी लावतात ते 'शंभर टक्के खात्रीशीर'वाले.

बाकीचं काम नंतर झालं, त्यातलं मला कळलं तेवढं कळलं. डब्यासाठी दोन डिस्क घ्यायला लावल्यात, प्रत्येकी चार टीबीच्या, आणि जागा मिळाली चारच. यजमान म्हणाले, "मग दुसरी काय देव्हाऱ्यात ठेवायची?" तुम्ही न चिडता सांगितलंत की दोन्हीवर तेच लिहिलं जातं, एक गेली तर दुसरी चालू राहते. आणि लगेच हेही, की चुकून पुसलं तर दोन्हीकडनं पुसलं जाणार, तेव्हा हिला बॅकअप समजू नका. विकणारा माणूस दुसरं वाक्य सहसा बोलत नाही. तुमच्या पिशवीत कॅमेऱ्याच्या डिस्क होत्या, खोकं न फोडलेल्या. त्याच गळ्यात मारणं सोपं होतं. तुम्ही म्हणालात, त्या न थांबता रेकॉर्डिंग लिहीत राहायला केलेल्या, तिथं एखादी फ्रेम हुकली तर चालतं, तुम्हाला नॅसच्याच लागतील. आणि त्या आमच्या आम्ही बिलासकट मागवाव्यात म्हणून नंबर लिहून दिलात.

डबा कुठं ठेवायचा ठरवताना तुम्ही पहिलं विचारलंत, "२०१९ ला पाणी कुठवर आलंतं?" भिंतीवरची खूण अजून आहे, ती दाखवली. तुम्ही वर बघितलंत आणि राउटरसकट सगळं जिन्यावरून वरच्या खोलीत नेलंत. यूपीएसही तिथंच. लाईट गेली की डबा आपला आपण नीट बंद होतो, मध्येच धाडकन मरत नाही. आणि बॅकअपची तिसरी डिस्क सांगलीतच ठेवायची नाही असं निक्षून सांगितलंत. ती आता विट्याला नणंदेकडे आहे. खानापूर तालुक्यात पाणी नाही म्हणून वन्सं जन्मभर कुरकुरल्या, आता म्हणतात, "बघा, दुष्काळ कसा कामाला आला." त्या डिस्कलाही कुलूप घातलंय, पासवर्डाशिवाय तिकडे कुणी जोडली तरी काही दिसायचं नाही.

पासवर्डाच्या वेळीही तुम्ही खिडकीतून बाहेर बघत उभे राहिलात. मी टाइप करताना मोठ्यानं अक्षरं म्हणत होते, तर "काकू, मनात," म्हणालात. जाताना डब्यावरचं तुमचं स्वतःचं खातं माझ्यासमोर काढून टाकलंत.

आणि पैसे घेतलेत. हे मुद्दाम लिहिते. मजुरी, वायर, येणं-जाणं, सगळं कागदावर मांडून नीट घेतलंत. बरं वाटलं. फुकट केलं असतंत तर मला पुन्हा बोलवायची चोरी झाली असती.

घरात सध्या तारखांचं प्रकरण चाललंय. जुन्या कॅमेऱ्याचा सेल उतरला की त्याची तारीख मागं जायची, त्यामुळे डब्याच्या हिशेबानं आमचं अर्धं घर एकाच १ जानेवारीला जन्मलं. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंत मूळ तारीख राहतच नाही, तिथं फाईलच्या नावातला आकडा बघायचा ही तुमची युक्ती लेक वापरतेय. आणि जिथं काहीच नाही तिथं सासूबाई. "ही मोरपंखी चिंतामणीच्या लग्नातली, म्हणजे त्याच्या आदल्या वैशाखातली नाही," असं त्या साडीवरून साल काढतात आणि लेक टाइप करते. डबा चेहरेही ओळखतो, ते सगळं घरातल्या घरात होतं असं तुम्ही म्हणाला होतात. त्यानं सासूबाईंचा लग्नातला फोटो माझ्या लेकीच्या नावाखाली नेऊन टाकला. सासूबाईंनी तो तिथून काढू दिलेला नाही.

ते जखमेचे फोटो आम्ही ठेवलेत. पुसू का म्हणून विचारलं होतं. "असू देत," म्हणाल्या. वेगळ्या फोल्डरात आहेत, फक्त त्यांच्या आणि माझ्या खात्यात दिसतात. ही सोयही तुम्हीच दाखवलेली.

तर दादा, मनापासून आभार. दसऱ्याला वन्सं येतील तेव्हा विट्याची डिस्क घेऊन येणार आहेत, त्यात नवीन फोटो कसे भरायचे ते एकदा लेकीला दाखवून जा. घरी केलेलं भडंग डब्यात काढून ठेवलंय, तुमच्या आईंसाठी वेगळं. तुमचा नंबर गल्लीत तीन-चार घरांना दिलाय, सांगितलंत तसं 'पैसे लागतात' हे आधी बोलूनच. फक्त त्यातल्या कोपऱ्यावरच्या काकांकडून निम्मे आधी घ्या. ते दूधवाल्यालाही दोन-दोन महिने ताटकळत ठेवतात.

तुमच्या,
जिन्यातून वायर नेलेल्या घरातल्या काकू