माझ्यानं नाही होणार म्हणतेस, म्हणून हे पत्र

ती. आई आणि आबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू सहज सांगितलंस की बचत गटाच्या बायकांनी अध्यक्ष म्हणून तुझं नाव घेतलं आणि तू "माझ्यानं नाही होणार, दुसरी कुणी बघा" म्हणून मोकळी झालीस. मागून आबांचा आवाज आला, "बरं केलंस, या वयात डोक्याला ताप कशाला?" फोनवर नीट बोलता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

"माझ्यानं नाही होणार" हे मी वर्षभर रोज म्हणत होते. तुम्हाला बोलले नाही, कारण तुम्ही काळजी करत बसला असता.

१८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. चाळीसहून जास्त वर्षं वकिलांनी त्यासाठी लढा दिला होता. आबा, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्या जमिनीच्या तारखेसाठी रात्रीच्या महालक्ष्मीने मुंबईला जायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं, हे तुम्ही भोगलंय. आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं इथेच चालतात. सगळे पेढे वाटत होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता. तालुक्याच्या कोर्टात मी मराठीत कितीही वेळ बोलेन. साक्षीदाराचा उलटतपास घेताना मला कागदसुद्धा लागत नाही. पण हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेली मी, समोर मुंबईहून आलेले वकील, त्यांचं ते सफाईदार बोलणं. एकानं तर माझ्यादेखत म्हटलं, "तालुक्याच्या वकिलांनी तालुकाच सांभाळावा." ते वाक्य मी कितीतरी दिवस उराशी धरून होते. सिनियर मॅडमनी फाईल पुढे केली की मी म्हणायची, "मॅडम, तुम्हीच उभ्या राहा ना."

त्यांनी मला कधी "तू हुशार आहेस, घाबरू नकोस" असं सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मला पटलं नसतं. त्यांनी काम लहान करून दिलं. आधी नुसता पुकारा झाला की उभं राहून तारीख मागायची. मग जामिनाचे छोटे अर्ज. उरलेल्या वेळात मागच्या बाकावर बसून इतरांचं ऐकायचं. त्या बाकावर मला सगळ्यात मोठी गोष्ट कळली. नावाजलेल्या वकिलांनाही न्यायमूर्तींच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येत नाही. ते शांतपणे म्हणतात, "पक्षकाराला विचारून सांगतो, थोडा वेळ द्यावा." कुणी हसत नाही, न्यायमूर्ती वेळ देतात. मला वाटायचं, सगळं आलं तरच उभं राहायचं. तसं कुणाचंच नसतं.

आणि मग ते सेकंड अपील, म्हणजे खालच्या दोन कोर्टांनंतर हायकोर्टात येणारं अपील, आलं. प्रकरण चालू आहे, म्हणून नावगाव लिहीत नाही. एका बहिणीचा वाटपाचा दावा. वडील १९९९ मध्ये वारले, म्हणून खालच्या कोर्टांनी तिला भावांच्या बरोबरीचा हिस्सा नाकारला होता. वारसा कायद्यातली मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासूनची. पण सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. आता भावांचं म्हणणं एवढंच उरलं होतं की वाटप आधीच तोंडी झालं होतं, फेरफार बघा.

मॅडम शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बोल." पुकारा होईपर्यंत माझा घसा कोरडा पडला होता. न्यायमूर्तींनी पहिलाच प्रश्न केला, वाटपाचा नोंदणीकृत दस्त आहे का? "नाही." मग फेरफाराचं काय? आई, तिथे मी सावरले. कारण तो फेरफार मी तलाठ्याकडे बसून ओळ न् ओळ वाचला होता. भावांच्या सह्या होत्या, बहिणीची सही नव्हती, तिला नोटीस बजावल्याचा शेरा नव्हता. पान क्रमांक सांगितला, न्यायमूर्तींनी ते पान उघडलं. फेरफार ही महसुलासाठीची नोंद, त्यानं मालकी ठरत नाही, हे सांगताना माझं इंग्रजी साधं आणि तुटक होतं. एकदा क्रियापद चुकलं, ते चुकीचंच पुढे गेलं. पण त्या खोलीत त्या कागदाबद्दल माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, हे मला बोलता बोलता जाणवलं. अपील दाखल करून घेतलं गेलं. निकाल लागायला वेळ लागेल आणि तो काय लागेल ते आज सांगता येत नाही. त्या बाईंनी बाहेर आल्यावर माझा हात धरला होता, तो बराच वेळ सोडला नाही.

धीर आधी येईल आणि मग मी उभी राहीन, अशी मी वाट बघत बसले असते तर अजून मागच्या बाकावरच असते. घसा आजही कोरडा पडतो. पण आदल्या रात्री सगळ्या तारखा क्रमाने एका कागदावर उतरवल्या, प्रत्येकीपुढे पान क्रमांक लिहिला, की झोप लागते.

आता तुझं. तुला काय येत नाही ते तू पटकन सांगतेस: बँकेत साहेबांशी बोलणं, सभेत उभं राहणं, ऑनलाइनचं. पण गटात कुणाचा हप्ता का थकला, कुणाला म्हशीसाठी कर्ज द्यावं आणि कुणाला सध्या देऊ नये, हे तुझ्याइतकं कुणाला कळतं? नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब, ही पंचसूत्री तू वर्षानुवर्षं पाळतेसच. बायकांनी उगाच तुझं नाव घेतलेलं नाही. बँकेत पहिल्यांदा जाताना सचिवबाईंना बरोबर ने, बोलायचं मात्र तू. एखादी गोष्ट नाही समजली तर "परत एकदा सांगा" म्हण.

आबा, तुमची काळजी मला कळते. पण "कशाला डोक्याला ताप" हे घरातूनच ऐकू आलं की माणूस जागचं हलत नाही. तिच्या बैठकीच्या दिवशी संध्याकाळचा चहा आणि गुरांचं तुम्ही बघा. तेवढं केलंत तरी पुष्कळ.

नवीन पदाधिकारी पुढच्या बैठकीत ठरणार आहेत ना? म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. रविवारी मी येतेय. गटाचं इतिवृत्ताचं रजिस्टर आणि पासबुक काढून ठेव, दोघी बसून मागच्या वर्षाचा हिशोब बघू. आणि त्याआधी अध्यक्षबाईंना फोन करून सांग की माझं नाव राहू द्या.

तुमची,
ताई