घराच्या प्रवेशाचं काम नव्याने करून मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मुख्य दार पूर्ण न उघडणे, सेन्सरचा दिवा न लागणे आणि प्रवेशाची फरशी निसरडी असणे

महोदय/महोदया,

तुमच्या कंपनीने आमच्या घराच्या प्रवेशाच्या जागेचं काम केलं आहे: चपलांचं कपाट, नवी फरशी, दिवा आणि काचेचं छोटं पार्टिशन. हे काम होण्याआधी आमचं मुख्य दार पूर्ण उघडत होतं, आता उघडत नाही. तुमचे सुपरवायझर याला ‘थोडं अॅडजस्ट करावं लागेल’ एवढंच म्हणतात. त्यांनी ते वर कळवलं असेल असं वाटत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

जागा लहान आहे. दारातून आत आलं की १२० सेंटिमीटर रुंदीचा बोळ लागतो. दार ९० सेंटिमीटरचं, आतल्या बाजूला उघडणारं. बिजागरीच्या बाजूला दारापासून भिंतीपर्यंत १० सेंटिमीटर आणि कुलपाच्या बाजूला २० सेंटिमीटर जागा आहे. चपला जमिनीवर पसरायच्या, ओली छत्री ठेवायला जागा नव्हती आणि संध्याकाळी आत शिरताना अंधार असायचा. अडचणी एवढ्याच होत्या आणि पहिल्याच भेटीत मी त्या तुमच्या डिझायनरना सांगितल्या. आई वॉकर घेऊन चालते हेही सांगितलं होतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलेलं मी पाहिलं आहे.

तरीही ३५ सेंटिमीटर खोल कपाट बिजागरीच्या बाजूच्या भिंतीला बसवलं गेलं. दारापासून ४३ सेंटिमीटर आत ते सुरू होतं आणि बिजागरीच्या रेषेपुढे २५ सेंटिमीटर येतं. दार उघडताना जवळजवळ मध्यावर कपाटाच्या कोपऱ्यावर आदळतं आणि साधारण ६० अंशांवर अडतं. ६० अंशांवर अडलेलं दार समोरून पाहिलं तर चौकटीची अर्धी रुंदी स्वतःच झाकतं. म्हणजे सरळ आत यायला ९० पैकी ४५ सेंटिमीटर उरतात. धडधाकट माणूस अंग चोरून, दाराच्या कडेला वळसा घालून आत येतो. आईचा वॉकर साधारण ६० सेंटिमीटर रुंद आहे. तो उंबरठ्यावरच तिरका करावा लागतो आणि तसं करताना तिला एका हाताने दाराचा आधार घ्यावा लागतो. दार हलतं. घरात शिरतानाच ती पडेल की काय, ही धास्ती आम्हाला आधी कधी नव्हती.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. दार मध्यावर अडलं असताना बाहेरून कोणी कडेला जोर लावला, की तो कोपरा टेकूसारखा काम करतो आणि सगळा ताण बिजागऱ्यांवर जातो. वरच्या बिजागरीचे स्क्रू त्यामुळेच सैल झाले आहेत. सुपरवायझरनी यावर उपाय सुचवला तो कोपऱ्याला रबर चिकटवण्याचा. रबराने ओरखडे थांबतील, दार त्याच जागी अडत राहील. हा उपाय मला मान्य नाही.

‘ड्रॉइंग तुम्ही मंजूर केलं होतं’ असं मला फोनवर सांगण्यात आलं. ते ड्रॉइंग या पत्रासोबत जोडलं आहे, कृपया नीट पाहा. थ्रीडी चित्रात दार बंद दाखवलं आहे. नकाशात दार फक्त एका रेषेने दाखवलं आहे. दार कुठून कुठे फिरणार हे दाखवणारा पाव वर्तुळाचा कंस नकाशात काढायची पद्धत सर्वत्र आहे. इथे तो नाही. तो काढला असता तर कपाटाच्या चौकोनाला छेदून गेलेला तिथेच दिसला असता. जे ड्रॉइंगमध्ये दाखवलंच नाही, त्याची मंजुरी माझ्या नावावर टाकू नका. प्रवेशाचं काम घेणाऱ्या कंपनीने भिंतींच्या मापांइतकंच दाराचं फिरणंही मोजायला हवं. लहान घरात तर आधी तेच मोजायचं असतं, कारण तिथे चूक रिचवायला जास्तीची जागा नसते.

दिव्याचं तसंच झालं आहे. पूर्वी स्विचबोर्ड कुलपाच्या बाजूला होता, दार उघडताच हात तिथे जायचा. तुम्ही तो काढला, कारण सेन्सरचा दिवा आपोआप लागणार होता. तो सेन्सर पार्टिशनच्या काचेमागे लावला आहे. हा सेन्सर माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या उष्णतेची हालचाल टिपतो आणि साध्या काचेतून ती उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही. दाराशी कोणीही कितीही वेळ उभं राहिलं तरी अंधारच राहतो. काच ओलांडून आत गेलं की दिवा लागतो, तेव्हा त्याची गरज संपलेली असते. शिवाय असा सेन्सर समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडव्या हालचालीला चटकन प्रतिसाद देतो, म्हणून तो बाजूच्या भिंतीवर, काचेच्या अलीकडे हवा. सेन्सर बसवणाऱ्याला एवढं ठाऊक असायला हवं होतं.

फरशीबद्दल थोडक्यात. कोटेशनमध्ये ‘अँटी-स्किड’ लिहिलं आहे, बसवलेल्या टाईल्सच्या खोक्यावर आर-९ छापलं आहे. तेलकट उतारावर माणसाला चालवून घेतलेल्या चाचणीत आर-९ म्हणजे ६ ते १० अंशांपर्यंतची पकड, या श्रेणीतली सर्वात खालची पायरी. जिथे ओल्या चपला पहिल्यांदा टेकतात तिथे निदान आर-१० हवी, आणि वॉकर वापरणाऱ्या घरात तर नक्कीच. नवी टाईल जुन्या फरशीवरच बसवल्यामुळे दार घासू लागलं, म्हणून सुताराने दाराची खालची कड तासली आणि ती रंग किंवा पॉलिश न लावता तशीच कोरी सोडली. ती कड ओल शोषून फुगेल.

मला पुढील काम करून हवं आहे. सध्याचं कपाट काढून घ्या. कुलपाच्या बाजूला जी २० सेंटिमीटरची पट्टी वाया जाते, तिथे १७-१८ सेंटिमीटर खोलीचं, पुढे कलणाऱ्या कप्प्यांचं कपाट बसवा. त्यात चपला उभ्या राहतात, म्हणून एवढी खोली पुरते. दार पूर्ण उघडेल आणि वाटेची रुंदीही कमी होणार नाही. कपाट कमरेएवढंच उंच ठेवा, म्हणजे त्याच्या वर स्विचबोर्ड परत आपल्या जागी येईल. सेन्सर असला तरी स्विच हवाच. कपाटाचा तळ जमिनीपासून थोडा वर ठेवा आणि तळाला मरीन प्लाय वापरा. पार्टिकल बोर्ड ओल्या चपलांखाली टिकणार नाही. कप्प्यांना हवेसाठी फटी ठेवा. ओली छत्री अडकवायला हूक आणि खाली पाणी धरणारा ट्रे लावा. बिजागरीच्या बाजूला दार उघडल्यावर जिथपर्यंत पोचतं, त्या टप्प्यात काहीही लावू नका. त्यापलीकडे, त्याच भिंतीवर, ४५ सेंटिमीटर उंचीवर घडी होणारी पक्की बैठक आणि शेजारी आधाराचा दांडा बसवा, म्हणजे आईला बसून चप्पल काढता येईल. उंबरठ्यालगतची टाईल बदला, दाराची कड सील करा आणि बिजागऱ्या पुन्हा घट्ट बसवून द्या.

या वेळी काम सुरू करण्याआधी दाराचा कंस काढलेला नकाशा मला द्या. माप घेणाऱ्याने दार पूर्ण उघडून आणि वॉकर आतून बाहेर नेऊन पाहावा, ही माझी अट आहे.

कपाटाची, सैल बिजागरीची, टाईलच्या खोक्याची आणि अडलेल्या दाराची छायाचित्रं सोबत पाठवते आहे. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर मी सही केलेली नाही आणि वरील दुरुस्ती होईपर्यंत करणार नाही. तोवर उरलेली रक्कमही दिली जाणार नाही. तुमचं उत्तर फोनवर नको, लेखी हवं, आणि त्यात काम कधी सुरू होईल त्याची तारीख असावी.

आपली,
एक ग्राहक