छोटीच्या कळांच्या वेळी तू आत थांब

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलणं होतं, पण लेकरू रडायला लागलं की फोन ठेवावा लागतो आणि सांगायचं ते राहूनच जातं. आता ती पोटभर पिऊन झोपलीय. छोटी ओटी भरून परळीहून आपल्याकडं आलीय, तिची पहिली खेप, म्हणून सविस्तर लिहिते. वाचून झालं की तिलाही दे. तिच्यापासून काही झाकून ठेवू नकोस. मला ज्या कुणी भेटल्या त्या "होतं गं सगळं" एवढंच म्हणायच्या, आणि त्यानं भीती जात नाही.

माझ्या कळा संध्याकाळी कंबरेत सुरू झाल्या. पाळीत दुखतं तसं दुखायचं, मग ते वाढत ओटीपोटात उतरायचं आणि एकदम सोडून द्यायचं. हे सोडून देणं छोटीला आधीच माहीत असू दे. दोन कळांच्या मध्ये खरंच बरं वाटतं. तेवढ्यात पाणी प्यायचं, दोन घास खायचे, डोळा लागला तर लागू द्यायचा. इथं दवाखान्यात फोन केला तर म्हणाल्या, दहा मिनिटांत तीन कळा यायला लागल्या की या. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाचं हलणं कमी वाटलं तर मात्र तशाच निघा. छोटीनं कधी निघायचं ते तिच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

पहाटे आम्ही गेलो. इथं सगळं सुरळीत असेल तर बाळंतपण मिडवाइफच करते. ती शिकलेली सुईणच, डॉक्टर लागले तरच येतात. तिनं तपासलं, पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं होतं. मला वाटलं, आता तासा-दोन तासांत होईल. दुपार झाली तरी लेकरू आलं नाही. "किती राहिलं" असं मी दर वेळी विचारायची, आणि ती दर वेळी न चिडता सांगायची. पहिलटकरणीला असाच वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली लिहूनच ठेवलंय की पाच सेंटिमीटरनंतर पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागू शकतात, आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलं नाही एवढ्यावरून घाई करायची नाही. बाळाचे ठोके ती दर पंधरा मिनिटांनी ऐकायची आणि मलाही ऐकवायची. ते ऐकलं की माझ्या अंगात पुन्हा बळ यायचं.

दुखणं कमी करायला इथं तोंडात नळी धरून ओढायचा वायू देतात, निम्मा ऑक्सिजन आणि निम्मा नायट्रस ऑक्साइड. त्यानं कळ जात नाही, डोकं जरा हलकं होतं. पाठीतलं इंजेक्शनही मागता येतं, ते मी घेतलं नाही. माझ्या शेजारणीनं घेतलं होतं आणि तिचं चांगलं झालं. छोटीला घ्यावंसं वाटलं आणि तिथं सोय असली, तर "आम्ही नाही का सोसलं" असं कुणीही म्हणू नये, आई. तूही नको आणि तिच्या सासूबाईही नकोत.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. पूर्ण वेळ हे माझ्याजवळ होते. कळ आली की दोन्ही तळव्यांनी कंबर दाबायचे, गेली की पाण्याचा घोट द्यायचे. मध्ये एकदा मिडवाइफ काही आणायला गेली आणि हे तुला फोन लावायला बाहेर गेले. नेमकी तेव्हाच मोठी कळ आली. आधीच्या कळांसारखीच होती ती, पण मी घाबरून गेले. श्वास कसा घ्यायचा तेच सुचेना, पलंगाची कड धरून मी नुसती ओरडत राहिले. हे धावत आत आले, हात धरला, आणि पुढची कळ, खरं तर त्याहून मोठी, मी नीट काढली. दुखणं कमी झालं नव्हतं, भीती गेली होती.

मोठ्या वहिनीच्या वेळचं मला आठवतं. ती आत एकटी, आपण सगळ्या बाहेरच्या बाकावर. आतून तिचं ओरडणं ऐकू यायचं आणि वर "ओरडू नको" हे दरडावणंही. नंतर ती म्हणाली होती की कळांपेक्षा ते बोलणं लागलं. आजीची सगळी बाळंतपणं घरात झाली, सुईण आणि जावा भोवती बसलेल्या. त्यात जिवाचा धोका होता, बायका दवाखान्यात जायला लागल्या हे चांगलंच झालं. पण जाताना भोवतीच्या बायका तेवढ्या दाराबाहेर राहिल्या.

त्या आत असायला हव्यात. ही माझी हौस नाही. २०१७ साली १५,००० हून जास्त बायकांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दिसलं की सतत कुणी जवळ असलं तर बाळंतपण थोडं लवकर उरकतं आणि सिझेरियनही कमी लागतात. आपल्या केंद्र सरकारनंही २०१६ साली सरकारी दवाखान्यांत कळांच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिनं शेवटपर्यंत थांबावं आणि नर्सच्या कामात मध्ये येऊ नये. यात तू पूर्ण बसतेस. खासगी दवाखान्यात तर नुसतं आधी विचारून ठेवायचं आहे.

आत गेलीस की तिला सारखं "जोर कर" म्हणू नकोस. जोर कधी करायचा ते नर्स सांगेल. तू कंबर दाब, पाणी दे, चालावंसं वाटलं तर हात धरून चालव. मला उताणं झोपवतच नव्हतं. गुडघ्यांवर बसून पलंगाची डोक्याकडची बाजू धरली, त्यातच लेकरू झालं. पुसून लगेच माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. नाळ थोडा वेळ थांबून कापली, तीही यांच्या हातून. लेक इतकी गरम आणि ओली होती, आणि एवढ्याशा तोंडानं दूध शोधत होती. मला रडू आवरेना. वार पडली, दोन-चार टाके पडले. ते बधिर करून घातले, तरी पुढचा आठवडा बसताना त्रास झाला. हेही छोटीला सांग.

पहिलं घट्ट पिवळं दूध, चीक, तासाभरात पाजायचा. मध-सोनं चाटवायचं नाही. आजी रागावल्या तरी चालेल. वर्षाच्या आतल्या लेकराला मध देऊच नये म्हणतात डॉक्टर. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वर पाणीसुद्धा नाही. अंघोळही पहिल्या दिवशी नको.

इथं बाळंतिणीला चहा आणि टोस्ट देतात. भूक एवढी होती की तेही गोड लागलं. मग नांदेडच्या एका वहिनींनी डिंकाचे लाडू पाठवले. शेक-शेगडी काही नाही, पण मिडवाइफ घरी येऊन लेकराचं वजन करून गेली, आणि मला झोप लागते का, मन उदास असतं का, हेही विचारलं. छोटीला तू विचारत जा. ती आपणहून सांगणार नाही, तुला ठाऊक आहे.

योगेश्वरीची ओटी माझ्या नावानं भरलीस ते बरं केलंस. बाबांच्या गोळ्या चुकवू नकोस. तू दवाखान्यात असशील तेव्हा त्यांच्या जेवणाचं काकूंना आधीच सांगून ठेव, म्हणजे ऐन वेळी तुझा पाय घरात अडकणार नाही. पुढच्या तपासणीला तू छोटीबरोबर जा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचार, मी आत थांबू का म्हणून. काय म्हणाले ते त्याच रात्री फोन करून कळव. तेव्हा इथं दुपार असते, मी जागीच असते.

बाबांना नमस्कार, छोटीला खूप खूप प्रेम.

तुझी,
ताई